औषध निघालं का?

फुटाळा तलावावर सकाळी फिरताना कोणी ना कोणी गाठतंच. "काय मॅडम, निघालं का औषध?" त्याच्यामागून दुसरा, "समुद्र कुठं अन् आपण कुठं! नागपुरात बसून स्पंज काहून?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. समुद्री स्पंज या प्राण्यांच्या अर्कात मी विषाणूवरचं औषध शोधते.

समुद्र लागतो गोळा करणाऱ्याला. माझ्याकडे कोकणातून अल्कोहोलमध्ये बुडवलेले तुकडे येतात. जुन्या घासणीसारखे दिसतात, आणि बरणी उघडली की लॅबमधली पोरं पळतात. घाईचं म्हणाल, तर रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांनी कॅरिबियन स्पंजातल्या वेगळ्या साखरेच्या न्यूक्लिओसाइडवर, म्हणजे डीएनएच्या घटकांसारख्या रेणूवर, १९५१ साली लिहिलं. त्या धाग्यावरून पुढे विडाराबिन हे औषध आलं, आणि हर्पिसवर, म्हणजे नागिणीच्या कुळातल्या विषाणूवर, वापरायला त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९७६ मध्ये. पंचवीस वर्षं. मला सहाव्या वर्षीच विचारता!

बरं, चिडण्याचं खरं कारण हे नाही.

आम्ही प्लेटमध्ये पेशींचा थर वाढवतो, त्यावर विषाणू सोडतो, अर्क घालतो आणि तीन दिवसांनी जांभळा रंग देतो. जिथे विषाणूनं पेशी मारल्या, तिथे पांढरी भोकं दिसतात. त्या संध्याकाळी एका खळग्यात एकही भोक नव्हतं. अखंड जांभळा. मी दिव्याखाली धरून चारदा पाहिला आणि बाबांना फोन केला. त्यांना त्या वर्षी कमरेला नागीण झाली होती, फोड गेले तरी आग जात नव्हती. "मिळालं, बाबा!" म्हटलं. त्यांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली.

चूक साधी होती. अर्क पेशींना बाधतो का, हे मी चोवीस तासांवरच तपासलं होतं. तीन दिवसांवर पाहिलं तर पेशी जागच्या जागी चिकटलेल्या, रंगही धरत होत्या, पण त्यांचं प्रथिनं बनवणंच थांबलेलं. यजमानाची चूलच विझलेली, तर पाहुण्याला पोळी कुठून? विषाणू उपाशी राहिला, एवढंच.

बर्फी मी वाटली नव्हती. पण फोन मीच केला होता. तेव्हाची मी म्हणते, आनंद बापाला नाही तर कोणाला सांगायचा? तिला अजून उत्तर देता आलेलं नाही. बाबांना म्हटलं, तपासणी चालू आहे. ते गेले तेव्हाही चालूच होती.

परवा तीच बरणी पुन्हा काढली. अर्काचे बारा भाग केलेत, या वेळी पेशींची तपासणीही पूर्ण तीन दिवसांची. बुधवारी रंग द्यायचा आहे. विचारा खुशाल, फक्त बर्फीचं नाव काढू नका.