माग काढत बर्नलीला

सासूबाईंची आजी इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात, बर्नलीच्या कापड गिरणीत विणकर होती, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. माझे पणजोबा परळला त्याच कामावर होते, त्यामुळे या बाईबद्दल मला सासरच्यांपेक्षा जास्त उत्सुकता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, चला, जाऊनच येऊ.

मँचेस्टरहून टॉडमॉर्डनमार्गे गाडी जाते. उतरलं की उतारावर एकमेकांना चिकटलेली काळपट दगडी घरं, मधून लीड्स-लिव्हरपूल कालवा, लांबवर पेंडल टेकडी. पहिल्या महायुद्धाआधी या एका गावात लाखाच्या आसपास माग खडखडत होते. इचलकरंजीकरांनाच याचा अंदाज येईल.

आजीबाईंचं घर अजून उभं आहे, फक्त दार प्लास्टिकचं झालंय. त्या दारासमोर उभं राहून आम्ही १९११च्या जनगणनेचा कागद फोनवर पुन्हा वाचला. तो कुटुंबप्रमुखाने स्वतः भरायचा असे, म्हणजे अक्षर आजोबांचं. बायकोचं वय २६, काम कापूस विणकर, लग्नाला ५ वर्षं. पुढच्या रकान्यांत मुलं झाली ३, हयात २, मृत १. तिसऱ्या मुलाबद्दल सासूबाईंनी कधीच काही ऐकलं नव्हतं. त्या बराच वेळ तो १चा आकडा मोठा करून बघत होत्या.

१९२१च्या कागदावर मालकाचंही नाव असतं, त्यामुळे तिची गिरणी कळली. तिथे आता सुपरमार्केटचं पार्किंग आहे. म्हणून हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल गाठली. १८९४ची ही गिरणी १९८२मध्ये बंद पडली, आता संग्रहालय आहे. तिच्या वाफेच्या इंजिनाचं नाव 'पीस'; महायुद्ध संपल्यावर ठेवलेलं. विणाई खात्यात तीनशेच्या वर माग रांगेने उभे. त्यातले मोजकेच चालू केले तरी शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येईना. बायका इथे ओठ वाचून बोलायच्या, असं गाइडने सांगितलं आणि सासूबाईंनी माझा दंडच धरला. आजी म्हातारपणी चहा विचारतानासुद्धा तोंड भलंमोठं उघडून, आवाज न काढता बोलायची म्हणे. घरच्यांना वाटे, कवळीचा त्रास.

गाइडने धोटा हातात दिला, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा; सुताची बॉबिन त्याच्या पोटात बसते. नवी बॉबिन घातली की त्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला दहा जणींची तोंडं, वर सूत मऊ राहावं म्हणून हवेत सोडलेली वाफ. छाती खराब न झाली तरच नवल.

अकराव्या वर्षी ती अर्धवेळ कामाला लागली. एक आठवडा सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. कायद्यानेच तशी मुभा होती! पुढे चार माग सांभाळू लागली. विणाईचा दर कापडावर ठरायचा, बाई की पुरुष यावर नाही, त्यामुळे तिचा पगार नवऱ्याच्या तोडीचा. आमच्या पणजीला हे सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

मी मात्र त्या 'चार'पाशीच अडकले. १९२८मध्ये मुंबईत संप पेटला, त्यामागे दोनऐवजी तीन माग चालवा हा मालकांचा आग्रहही होता. पणजोबा त्या संपात होते. तीन वर्षांत बर्नलीच्या मालकांनीही तेच काढलं, चारऐवजी सहा, नाहीतर आठ माग चालवा. इथेही टाळेबंदी आणि संप झाले. आमच्या गिरण्यांचं कापड आणि आमची स्वदेशी यांनी लँकेशरच्या पोटावर पाय आला हे खरंच, पण दोन्हीकडच्या विणकरांना हिशेब सारखाच ऐकवला जात होता.

त्या संपात आजीबाई होत्या का, हे जनगणनेतून कळायची सोय नाही. १९३१चे कागद १९४२च्या आगीत जळाले. त्यानंतरची नोंद थेट सप्टेंबर १९३९च्या रजिस्टरमधली, युद्ध सुरू झाल्यावर घरोघर फिरून केलेली. तिथे आजीबाईंच्या नावापुढे लिहिलंय, 'बिनपगारी घरकाम'. लाखो बायकांपुढे हेच लिहिलेलं आहे. सासूबाई संतापल्या. त्या वेळी आजी चार घरची धुणी धूत होती, हे त्यांनी स्वतःच्या आईकडून ऐकलं होतं. परतीच्या गाडीत हे कुठे कळवायचं, अर्ज कोणाकडे करायचा, याचीच चौकशी मँचेस्टर येईपर्यंत चालली होती.