सो घराण्याचे खोटे शिक्के

दुपारी जेवून आडवं पडलं की मी फोनवर काहीही वाचत सुटते, त्याला काही धरबंध नाही. परवा असाच जपानच्या क्यूशू नॅशनल म्युझियममधल्या लाकडी शिक्क्यांचा फोटो दिसला. कोरियाच्या राजाचे नकली शिक्के! आणि ते जपून कुणी ठेवले होते, तर एका सामुराई घराण्याने. अहो, चोरी पचली तर पुरावा जाळायचा ना? की परत कधी लागले तर असू देत, म्हणून ठेवले?

हे त्सुशिमा बेटावरचं सो घराणं. बेट जपानचं, पण हवा स्वच्छ असली की समोर कोरिया दिसतो, बुसान जेमतेम पन्नास किलोमीटर. बेटावर सगळा डोंगर नि जंगल, भात पिकणार कुठे, त्यामुळे पोट कोरियाच्या व्यापारावर. आणि १५९२ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वारी काढली तेव्हा पहिल्याच फळीत ह्यांच्या सो योशितोशीला जावं लागलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच घरावर धाड. १५९८ ला हिदेयोशी गेला, युद्ध संपलं, पण आता कुठल्या तोंडाने व्यापाराचं बोलायचं?

कोरिया म्हणे आधी इएयासूचं, म्हणजे हिदेयोशीनंतर जपानची सत्ता हाती आलेल्याचं, पत्र येऊ दे. तो कशाला लिहितोय, आधी लिहिलं की हार मानल्यासारखं. मग ह्यांनी त्याच्या नावाने पत्र स्वतःच तयार करून पाठवलं. १६०७ ला कोरियाचे दूत त्याचं उत्तर घेऊन हजर, आता शोगुन, म्हणजे जपानचा खरा राज्यकर्ता, विचारणार, आम्ही कधी लिहिलं होतं? म्हणून उत्तरही बदललं, वर राजाचा नकली शिक्का मारून!

माझी आत्या लग्नं जमवायची. मुलाकडचे तावातावाने म्हणायचे, मानपानात कमी पडलं तर मांडवातून उठू. तेच वाक्य पुढच्या घरी पोचेपर्यंत "त्यांना काही नको हो, चार माणसांत मान तेवढा राखा" असं व्हायचं. मी दोन्हीकडे तिच्या शेजारी बसून पोहे खात असायचे, नि तोंड उघडायला गेले की दंडाला असा चिमटा बसायचा की डोळ्यांत पाणी. लग्नं मात्र टिकली हं सगळी.

त्सुशिमात चिमटा काढणारं कुणी नव्हतं बहुतेक. घराण्याचाच कारभारी यानागावा शिगेओकी मालकाशी बिनसल्यावर सगळं फोडून मोकळा झाला. १६३५ ला शोगुन इएमित्सुने एदोच्या, म्हणजे आताच्या टोकियोच्या, किल्ल्यात दोघांना समोरासमोर उभं केलं. मालक सो योशिनारी सुटला, कारभारी हद्दपार! कोरियाशी बोलायला दुसरं होतं कोण? फक्त यापुढे पत्रव्यवहारावर नजर ठेवायला क्योतोचे भिक्षू बेटावर नेमले. मला जाम हसू आलं.

मग पुढचं वाचलं. कोरियाची आणखी एक अट होती, युद्धात आमच्या राजांची थडगी उकरणारे गुन्हेगार हवाली करा. ते कुठे शोधणार? बेटावरचेच दोन कैदी बांधून पाठवले. त्यांनी तिथे सांगितलं, आमचा ह्यात काही संबंध नाही. दरबारालाही शंका होतीच. तरी दोघांना मारलं, आणि १६०९ ला व्यापाराचा करार झाला.