आमची वाटचाल : खळ, साचा आणि तराजू

विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटते. त्यानंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या वाट्याला खेड्यात बहुधा ओसरीवरची खाट येते. आमची कार्यशाळा उभी राहिली ती त्या खाटेमुळे. नमुने आमच्याच भागात होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९५१ साली कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेलं काम सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा पसारा त्यापुढे अगदी लहान, वाती आणि कागदी पिशव्यांचा. इथे काम करणाऱ्यांना कोणी ‘मुलं’ म्हटलं की आम्ही तिथल्या तिथे थांबवतो. ते कामगार आहेत, कोणी दादा, कोणी ताई.

कापूस दाराशी, म्हणून सुरुवात वातींनी झाली. पण वावरातून आलेला कापूस तसाच चालत नाही. सरकी काढून, पिंजून, पेळूसारखा सरळ केलेला लागतो, नाहीतर वात वळताना तुटते. विकत आणलेल्या कापसाचा झुपका आधी जाळून पाहायचा. शुद्ध कापसाची मऊ राख होते, पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर काळी कडक गोळी उरते. तसा माल परत जातो. घरी फुलवात वळताना दुधाचं बोट लावतात, म्हणून आम्हीही लावलं. पावसाळ्यात पाकिटांत बुरशी आली, मुंग्या लागल्या. आता चाळलेली राख चिमटीला लावतो. घामाच्या हातालाही तीच उपयोगी पडते.

मोठी अडचण हंगामाची. वातींची मागणी दिवाळीला, आणि त्याच सुमारास कापूस वेचणी. घरची माणसं वावरात, कामगाराला एसटीपर्यंत आणून सोडायला कोणी नाही. पावसाळ्यात साठा करावा तर दमट कापूस नीट वळत नाही. म्हणून वाती मार्च ते मे या महिन्यांत करायच्या आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, असं ठरलं. उन्हाळ्यात कामाची वेळ सकाळी ७ ते ११.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कागदी पिशव्यांना गिऱ्हाईक मिळालं. रद्दीची पिशवी खाद्यपदार्थांना चालत नाही, शाई अन्नात उतरते आणि नियमांनीही मनाई आहे. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, कोरा क्राफ्ट कागद घेतला. ६ इंच रुंद, ३ इंच बाजू आणि ९ इंच उंचीच्या पिशवीला पावणेएकोणीस बाय सव्वाअकरा इंचांचा कागद लागतो. कागद ज्या दिशेने सरळ फाटतो ती दिशा पिशवीच्या उंचीला ठेवावी. उलट ठेवला तर घडी उचलते आणि जोड सुटतो.

खळीसाठी १ किलो मैदा आधी १ लिटर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग ५ लिटर उकळत्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, त्यामुळे खाद्यपदार्थांच्या पिशवीला नाही, आणि काही जणांचे हात तोंडात जातात, त्यामुळे आमच्याकडे मुळीच नाही. खळ रोज ताजी, मे महिन्यात ती दुपारपर्यंत आंबते.

पहिले कित्येक गठ्ठे वाया गेले. जास्त खळ बाहेर येऊन पिशव्या एकमेकींना चिकटत. आम्ही ‘थोडीच लाव’ म्हणत राहिलो. ‘थोडी’ म्हणजे किती, हे सांगत नव्हतो. मग ताटात पातळ स्पंज ठेवला, ब्रश फक्त त्यावर टेकवायचा. दहा कागद पत्त्यांसारखे पसरून प्रत्येकाची पाऊण इंच कड उघडी ठेवायची आणि एकच हात फिरवायचा. घडीसाठी प्लायवर दोन पट्ट्या ठोकून काटकोन केला आणि ६ इंचांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी असा पत्रा दिला. त्याभोवती कागद वळवला की माप आपोआप येतं. चूक वारंवार होत असेल तर आधी साचा तपासावा, माणूस नंतर.

मोजणीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. पन्नास पिशव्यांच्या गठ्ठ्यात कधी ४८, कधी ५३ निघत आणि दुकानदार चिडत. इलेक्ट्रॉनिक काटा आणला. एक पिशवी सुमारे ११ ग्रॅम, गठ्ठा साडेपाचशेच्या आसपास. पण आकडे वाचता येणारे थोडे, आणि कागद हवेतला ओलावा पितो. वजन दोन-तीन टक्के वाढलं की एका पिशवीचा फरक त्यातच बुडून जातो. मेमध्ये बसवलेला आकडा ऑगस्टमध्ये खोटा ठरला. शेवटी दोन पारड्यांचा जुना तराजू काढला. रोज सकाळी हाताने मोजलेल्या ५० पिशव्या एका पारड्यात, दुसऱ्यात नवा गठ्ठा. दोन्हींचा ओलावा सारखाच, त्यामुळे तो आडवा येत नाही. काटा मध्ये आला की दोरी बांधायची. अंक न ओळखणारे कामगार आता हे काम बिनचूक करतात. वाती हलक्या, तिथे तराजू चालत नाही. तिथे ५० खड्ड्यांची पाटी आहे. दोन पाट्या भरल्या की एक पाकीट.

मिरगी असलेल्यांना कागद कापायच्या यंत्राजवळ आणि चुलीपाशी बसवत नाही. झटका आला तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना.

मजुरी नगावर होती, तेव्हा खळवाला पुढे आणि तळवाला मागे पडायचा. आता एका टेबलाची मजुरी एकत्र धरून हजेरीप्रमाणे वाटली जाते. पैसे खात्यात जातात. काही कामगारांची खाती बँकेने अडवली होती. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं. पालकांनी हा अर्ज अठरावं संपताच करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

तळ बंद करायला अजून दोन हात लागतात. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी लाकडी ठोकळा आणि पायाने दाबायची पट्टी सध्या सुताराकडे आहे. ठोकळाही दोन्ही बाजूंनी एक सूत कमीच सांगितला आहे, नाहीतर पिशवी काढताना कोपरा फाटतो.