गीझर, बंब आणि आमचं बोअरचं पाणी

गेल्या वर्षी कार्तिकात, ऐन थंडी पडायच्या तोंडावर, आमच्या गीझरच्या तळातून तांबूस पाणी टपकायला लागलं. मिस्त्रीने पत्रा उघडून पाहिलं आणि निकाल दिला, "दीदी, टंकी गई." गीझर अवघा ६ वर्षांचा. सासूबाईंनी माळ्याकडे बोट दाखवलं. "तो बंब बघ, माझ्या लग्नातला. त्याला कधी मिस्त्री लागला?"

तांबं कळकतं, पण लोखंडासारखं गंजून झडत नाही. त्यामुळे बंबापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

टाकी भंगारात जायच्या आधी मी हट्टाने खालची प्लेट काढायला लावली. ओंजळभर पांढरे क्षार पडले आणि त्यांच्यामागून एक बारीक तार. "ये रॉड थी," मिस्त्री म्हणाला. म्हणजे पूर्वी बोटाएवढी जाड कांडी होती. तिच्यातली तेवढी तार उरली होती.

मग मी नेटाने वाचलं. आमची टाकी साध्या पोलादाची, आतून काचेचा मुलामा दिलेली. इनॅमलच्या पातेल्याला देतात तसाच; ८०० अंशांच्या वर भट्टीत भाजतात. पण हा मुलामा शंभर टक्के बिनभोकाचा कधीच नसतो. वेल्डिंगच्या कडेला, नळाच्या तोंडाशी कुठेतरी पोलाद उघडं राहतंच. म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी लावतात. ती पोलादापेक्षा लवकर झिजते, आणि ती झिजते आहे तोवर पोलाद वाचतं. कांडी संपली की पाळी टाकीची. कांडी दरवर्षी तपासा, असं गीझरच्या वॉरंटी कार्डावर स्पष्ट छापलेलं होतं. कार्ड आम्ही ६ वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, गॅसच्या पुस्तकाशेजारी, फार जपून ठेवलं होतं!

इथे इंदुरात महाराणी रोडवरच्या दुकानदाराला काचेचं नावच नको. "स्टेनलेस घ्या, गंजायचा प्रश्नच नाही," म्हणत त्याने टाकीला लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही, म्हणजे माल अस्सल! मला ते पटलं होतं, पण घरी येऊन पाहिलं तर ही परीक्षाच फोल. ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, तसं २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. उलट ४४४ नावाचं एक स्टील गरम खारट पाण्यात चांगलं टिकतं, आणि त्याला चुंबक मस्त चिकटतं.

खरा प्रश्न पाण्याचा होता. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी भिस्त बोअरवर. (१९७८ साली नर्मदा इंदुरात आली, त्याआधीचे पाण्याचे हाल सासूबाई अजून सांगतात.) वरच्या टाकीत दोन्ही मिसळतात. दोन बाटल्या भरून तपासायला दिल्या. नर्मदेच्या पाण्यात काही वावगं नव्हतं. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ११०० मिलिग्रॅम आणि त्यातलं क्लोराइड ३४०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक क्लोराइड २५० पर्यंत चांगलं मानतं. दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतं. माणसाला चालतं, पण स्टीलला नाही. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा जो न दिसणारा पापुद्रा असतो, तो क्लोराइड फोडतं. पाणी गरम असलं की जास्तच, आणि तेही वेल्डिंगपाशी. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, ते बरंच तग धरतं. पण आतलं स्टील कुठल्या ग्रेडचं, हे तीन दुकानांत एकालाही सांगता आलं नाही. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या टाक्याही पाहिल्या, मन घेईना.

शेवटी पुन्हा काचेच्या मुलाम्याचाच घेतला. मात्र दोन गोष्टी विचारून: कांडी वेगळी विकत मिळते का, आणि ती बदलायला किती उघडझाप करावी लागते. पोऱ्या खोकं स्कूटरवर आडवं टाकून निघाला होता, त्याला थांबवलं. इनॅमलचं पातेलं आपटलं की टवका उडतो. टाकीत उडालेला टवका दिसायचा कुणाला? मिस्त्रीने जुनाच जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल, म्हणजे नळ जोडायचा छोटा तुकडा, लावायला काढला, तोही बदलायला लावला. थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ वर आणला, कारण पाणी जितकं कढत तितके क्षार जास्त बसतात. ह्यांची कुरकुर आठवडाभर चालली, मग सवय झाली.

या कार्तिकात वर्ष झालं म्हणून कांडी काढून पाहिली. निम्म्याहून जास्त झिजलेली, खडबडीत, उंदराने कुरतडल्यासारखी. नवी बसवली, खर्च काही शेकड्यांत. जुनी सासूबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "आणि बंबात गं कुठली कांडी होती?"