तुम्ही विचारलंत म्हणून : पॅटर्सनमध्ये दक्षिण अमेरिकेचे चांगले जेवण कसे शोधावे

न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे आणि उन्हाळ्यात मुलांकडे मुक्कामाला आलेले त्यांचे आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात : "तुम्ही त्या पॅटर्सनला जेवायला जाता म्हणे, तिथले चांगले दक्षिण अमेरिकन रेस्टॉरंट कोणते?" या प्रश्नाला एक नाव सांगून मोकळे होणे मी अलीकडे टाळते. अशा लहान उपाहारगृहांची सारी भिस्त स्वयंपाकघरातल्या एकदोन माणसांवर असते. ती माणसे दोन चौक पलीकडे स्वतःचे दुकान थाटतात आणि जुन्या जागी पाटी तीच राहून चव मात्र निघून जाते. म्हणून मी उलट दोन गोष्टी विचारते. तुम्हाला कोणत्या देशाचे जेवण हवे आहे, आणि तुम्ही कोणत्या वारी, किती वाजता जाणार आहात? या दोन प्रश्नांची उत्तरे नक्की असली तर पॅटर्सनमध्ये उत्तम जेवण मिळते. नसली तर त्याच रस्त्यावर अगदी सामान्य जेवणही मिळते.

पॅटर्सन हे लोकसंख्येने न्यू जर्सीतले तिसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ६० हजार माणसे मोजली गेली, म्हणजे अमेरिकेच्या मानाने ते मध्यम आकाराचेच म्हणायचे. आपल्यापैकी बहुतेकांना ते पसेइक नदीच्या ७७ फुटी धबधब्यामुळे ठाऊक असते. त्या पाण्याच्या जोरावर इथे गिरण्या उभ्या राहिल्या, पुढे रेशमाच्या धंद्यामुळे हे शहर 'सिल्क सिटी' म्हणून ओळखले गेले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांतल्या कामासाठी पेरू देशातून माणसे येऊ लागली. गिरण्या बंद पडल्या, पण माणसे राहिली. त्यांनी भाऊबंद आणले, दुकाने काढली, आणि आज पेरूचे वाणिज्य दूतावासाचे कार्यालयही याच शहरात आहे. मार्केट स्ट्रीटच्या परिसराला २०१६ मध्ये 'पेरू स्क्वेअर' असे अधिकृत नाव मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या शहरात एखाद्या देशाच्या माणसांना पासपोर्टच्या कामासाठी, पैसे घरी पाठवण्यासाठी आणि रविवारच्या प्रार्थनेसाठी यावे लागते, त्या शहरात त्यांना जेवूही घालावे लागते, आणि ते जेवण परक्यांना आवडावे म्हणून बदललेले नसते.

आता पहिला प्रश्न, देशाचा. 'दक्षिण अमेरिकन' अशी पाटी मिरवणाऱ्या ठिकाणांपासून मी चार हात दूरच राहते. त्या खंडात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मासे आहेत, अँडीज पर्वतात बटाटा आणि मका आहे, अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या गवताळ मैदानांत गोमांस आहे, ब्राझीलमध्ये कसाव्याचे पीठ आहे. हे सारे एका स्वयंपाकघरात सारख्याच निगुतीने होणे अवघड असते. आपल्या लोकांची आणखी एक समजूत अशी, की स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांचे जेवण मेक्सिकोसारखे, म्हणजे टॅको, बरीटो आणि झणझणीत साल्सा. पेरूच्या जेवणात टॅको नसतो, अर्जेंटिनाच्या जेवणात तिखट जवळजवळ नसतेच. एकाच मेनूवर टॅको, ब्राझिलियन सळईवरचे मांस आणि पेरूचा सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, असे सगळे दिसले, तर मालकाने गिऱ्हाईक टिकवण्यासाठी तडजोड केली आहे असे समजावे. त्यात त्याचा दोष नाही, भाडे त्यालाही भरायचे असते. पण आपण तिथे सेविचे मागवू नये.

पॅटर्सनमध्ये देश निवडायचा तर अर्थातच पेरू. मार्केट स्ट्रीटवर पेरूच्या जेवणाचे तीन निरनिराळे प्रकार भेटतात, आणि चांगले दुकान बहुधा त्यांपैकी एकात तरबेज असते. पहिला प्रकार कोळशाच्या भट्टीवर फिरवून भाजलेल्या कोंबडीचा, म्हणजे पोयो आ ला ब्रासाचा. आज पेरूचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवणारी ही कोंबडी फार जुनी नाही; रॉजर शूलर नावाच्या एका स्विस गृहस्थाने १९५० च्या सुमारास लिमाजवळ आपल्या कुक्कुटपालनाच्या जागी ती विकायला सुरुवात केली. इथे ओळखण्याची खूण सोपी आहे. दाराशी कोळशाचा वास आला पाहिजे, आणि सोबतची हिरवी चटणी नुसत्या कोथिंबिरीची आणि मेयोनेजची असता कामा नये. त्या चटणीत वाकाताय नावाचा पाला घालण्याची रीत आहे. तो झेंडूच्या कुळातला आहे, आणि त्याचा वास पुदिना आणि झेंडूचा चुरगळलेला पाला यांच्या मध्ये कुठेतरी असतो. हा वास आला की मी निर्धास्तपणे अर्धी कोंबडी मागवते. ती उष्टावण्याआधी भट्टीकडे एक नजर टाकावी : सळया भरलेल्या आणि सतत फिरत्या असतील तर कोंबडी ताजी, काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलेली असेल तर ती केव्हाची, हे देवच जाणे.

दुसरा प्रकार सेविचेचा, आणि इथेच माझा वेळेचा आग्रह सुरू होतो. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात, मीठ, मिरची आणि पातळ चिरलेल्या लाल कांद्यासह मुरवून हा पदार्थ होतो. सोबत उकडलेले रताळे, मोठ्या दाण्यांचा मका आणि भाजलेला कुरकुरीत मका असतो. लिमामध्ये तो दुपारीच खाण्याची पद्धत आहे, आणि सेविचेची खास दुकाने संध्याकाळपर्यंत बंद होतात, कारण मासा सकाळचा असतो आणि तो शिळा होण्याआधी संपला पाहिजे. पॅटर्सनमध्ये मासा बंदरावरून थेट येत नाही, तेव्हा हे कारण इथे तसेच लागू पडत नाही, पण गिऱ्हाइकांची सवय बोटीतून उतरून त्यांच्यासोबत आली आहे. शनिवारी आणि रविवारी दुपारी एक ते तीन या वेळात टेबलाटेबलावर सेविचे दिसतो, मासा समोरच चिरला जातो आणि लगेच उठतो. मंगळवारी रात्री नऊ वाजता तोच पदार्थ मागवला, तर लिंबात तासन्‌तास पडून चिवट झालेले तुकडे वाट्याला येण्याची शक्यता बरीच. चांगल्या सेविचेत माशाचा तुकडा बाहेरून पांढरा आणि आत किंचित अर्धपारदर्शक असतो, आणि खाली उरलेला आंबट-तिखट रस पेरूची माणसे चमच्याने पितात. ज्यांना कच्चा मासा चालत नाही त्यांनी, आणि गरोदर बायकांनी तर नक्कीच, हा परिच्छेद सोडून द्यावा.

तिसरा प्रकार ऐकून आपली माणसे चकित होतात : पेरूचे चिनी जेवण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिनी मजूर उसाच्या मळ्यांवर आणि ग्वानो खताच्या बेटांवर करारावर नेले गेले, आणि त्यांच्या स्वयंपाकातून चीफा नावाची एक स्वतंत्र परंपरा पेरूत रुजली. तिथला परतलेला भात म्हणजे आरोस चौफा, आणि गोमांस, कांदा, टोमॅटो, सोया सॉस आणि व्हिनेगर मोठ्या आचेवर परतून केलेला लोमो साल्तादो, ज्याच्यासोबत भात आणि बटाट्याच्या तळलेल्या काड्या दोन्ही एकाच ताटात येतात. हे पदार्थ आचेवर अवलंबून असतात, मुहूर्तावर नव्हे. त्यामुळे कामाच्या दिवशी रात्री जायचे असेल तर मी हेच सुचवते.

इंटरनेटवरच्या ताऱ्यांविषयी मला थोडक्यातच सांगायचे आहे. इंग्रजीतले अभिप्राय बहुधा टीव्हीचा आवाज, वाढप्यांचे इंग्रजी आणि गाडी लावायची अडचण यांविषयी असतात. स्पॅनिशमधले अभिप्राय चटणीविषयी, मक्याच्या दाण्याविषयी आणि "पूर्वीसारखे राहिले नाही" याविषयी असतात. फोनवर भाषांतर करून हे दुसरे वाचावेत. तसेच मद्य मिळत नाही म्हणून एखादे ठिकाण हलके समजू नये. न्यू जर्सीत रेस्टॉरंटला द्यायचे मद्यपरवाने गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, दर ३,००० रहिवाशांमागे एक असे मर्यादित असल्यामुळे त्यांची किंमत प्रचंड असते, आणि लहान दुकानदाराला ती परवडत नाही. जांभळ्या मक्यात अननसाच्या साली, दालचिनी आणि लवंग घालून उकळलेले चिचा मोरादा हे तिथले खरे पेय. ते बाटलीतले नसून घरी केलेले असेल, तर स्वयंपाकघराविषयी माझे मत आपोआप चांगले होते.

शाकाहारी पाहुण्यांचे काय, हा या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर निराशाजनक नाही. आपल्या उपवासाच्या ताटातले शेंगदाणे, बटाटे आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. त्यामुळे तिथे शाकाहारी माणूस उपाशी राहील ही भीती अनाठायी आहे. पापा आ ला वांकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर पिवळी मिरची, पांढरे चीज आणि दूध यांचा गार, दाट सॉस. वर अंड्याची फोड असते, ती नको म्हणून सांगता येते. तळलेल्या कसाव्याच्या लांब फोडी त्याच सॉसबरोबर फार छान लागतात. पालक आणि तुळशीच्या जातीच्या बेझिलच्या सॉसमधल्या हिरव्या शेवया मांसाच्या तुकड्याशिवाय मागता येतात. काळजी घ्यायची ती घेवड्याची आणि सुपाची : घेवडा डुकराच्या चरबीत शिजलेला असू शकतो आणि भाजीच्या सुपाचेही पाणी कोंबडीचे असू शकते. "मांस नको" एवढ्यावर न थांबता कोंबडी नको, मासा नको, त्यांचे पाणीही नको असे एकेक करून सांगावे. वाढपी वैतागत नाहीत. उलट, एकदा त्यांना कळले की स्वयंपाकघरातून काहीतरी वेगळे करून आणतात. काटेकोर जैन पथ्य पाळणाऱ्यांना मात्र मी इथे नेत नाही.

पेरू नको असेल तर शहरही बदलावे लागते. कोलंबियाच्या जेवणासाठी मी मॉरिस काउंटीतल्या डोव्हर गावाकडे बोट दाखवते. तिथे सकाळी बेकरीत जावे, चीज घातलेले गरम पाव खावेत, आणि तीन प्रकारच्या बटाट्यांचे आहिआको हे बोगोटाचे सूप कोणत्या दिवशी असते ते तिथेच विचारून यावे. इक्वेडोरची माणसे एन्सेबोयादो, म्हणजे ट्यूना मासा, कसावा आणि कांद्याचे सूप, सकाळीच खातात, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बारा धान्ये-कडधान्ये आणि खारवलेला मासा घालून फानेस्का करतात. तो आठवडा चुकला की वर्षभर थांबायचे. ब्राझीलसाठी नुआर्कचा आयर्नबाउंड भाग गाठावा. पोर्तुगीज वस्ती तिथे आधीची, ब्राझिलियन नंतरची. काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेज्वादा ब्राझीलमध्ये परंपरेने बुधवारी आणि शनिवारी असते, आणि गोव्यात चवरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, घालून होणाऱ्या फेज्वादची सवय असलेल्या आमच्या एका गोवेकर स्नेह्यांनी ती खाताना मसाला कुठे गेला असे विचारले होते. नात्यातला पदार्थ आहे, पण मिरची आणि व्हिनेगर गोव्याचेच.

शेवटी गोडाविषयी, कारण आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना याचा उपयोग होईल. भोपळा आणि रताळे घालून फुगवलेल्या पिठाची कडी तेलात सोडून, वर दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घातलेला गुळाचा पाक ओतून पिकारोनेस करतात. त्यांत सहसा अंडे नसते, तरी विचारून घ्यावे. पीठ आंबवावे लागत असल्यामुळे ते सगळीकडे रोज नसतात. शनिवार-रविवारी दुपारनंतर मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून बसल्या बसल्या, जेवण मागवण्याच्या आधीच, आज पिकारोनेस आहेत का आणि ते आता तळून मिळतील का, हे विचारावे, आणि "हो" म्हणाले तर कोंबडी अर्धीऐवजी पावच मागवावी.