हीटरवर आलेला आळ

मिनेसोटातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात सुमारे १५०० लिटर पाण्याचा हॉट टब आहे. एका जानेवारीत, बाहेर उणे २० अंश सेल्सिअस तापमान असताना, संध्याकाळी त्याचे झाकण उघडले, तेव्हा एरवी ३८ अंशांवर असणारे पाणी ३३ अंशांवर उतरले होते आणि पडद्यावर अपुऱ्या प्रवाहाची सूचना लुकलुकत होती. पाणी गार आहे म्हणजे हीटर जळला, असा निष्कर्ष मी उभ्या उभ्या काढला आणि त्याच रात्री नवा हीटर मागवला. सूचना हीटरविषयी नव्हतीच, ती प्रवाहाविषयी होती, हे मी वाचूनही मनावर घेतले नाही.

तांब्याचा बंब असलेल्या घरात वाढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. बंब भरलेला असल्याची खात्री केल्याशिवाय आजी जाळ करू देत नसे, कारण पाण्याविना आच लागली तर बंबाचा डाख सुटतो. टबचा हीटर हेच पथ्य स्वतःहून पाळतो. पाऊणएक लिटर पाणी मावेल एवढ्या पोलादी नळीत ५.५ किलोवॉटची कॉइल बसवलेली असते, त्यामुळे पाणी वाहायचे थांबले, तर नळीत अडकलेले पाणी मिनिटभरात उकळू लागेल. म्हणून आमच्या टबमध्ये नळीच्या दोन्ही टोकांना तापमानाचे सेन्सर आहेत आणि त्यांच्या आकड्यांत प्रमाणाबाहेर तफावत दिसली, की नियंत्रक हीटरचा वीजपुरवठा तोडतो. म्हणजे आमचा हीटर बिघडलेला नव्हता, त्याला थांबवून ठेवलेले होते.

नवा हीटर बसवला, तरी सूचना तशीच राहिली. मग मी ते केले, जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवे होते: फिल्टर काढून टब चालू केला. सूचना गेली आणि पाणी तापू लागले. फिल्टरच्या घड्यांमध्ये अंगाला लावलेल्या लोशनचा आणि पोहण्याच्या कपड्यांत राहिलेल्या साबणाचा चिकट थर बसला होता. तो नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, फिल्टर स्वच्छ करण्याच्या द्रावणात रात्रभर भिजत ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी धुतलेला फिल्टर बसवला आणि प्रवाह पुन्हा थांबला. या वेळी दोष सर्वस्वी माझा होता. हीटर बदलताना दोन्ही बाजूंच्या झडपा बंद केल्या होत्या, त्यांतली एक मी अर्धवटच उघडली होती, शिवाय नळीत शिरलेली हवा आता पंपाशी जाऊन अडकली होती. असा पंप घुमतो, पण पाणी पुढे सरकत नाही. मुख्य पुरवठा बंद करून पंपाच्या वरच्या जोडाची मोठी चकती थोडी सैल केली, तेव्हा फुसफुसत हवा बाहेर पडली आणि पाणी ठिबकू लागताच ती पुन्हा आवळली. झडप पूर्ण उघडल्यावर सूचना गेली, ती कायमची.

अशा थंडीत अभिसरण बंद पडणे हे हीटर बंद पडण्यापेक्षा जास्त भयंकर असते. टबातले पाणी झाकणाखाली बराच काळ उबदार राहते, पण बारीक नळ्यांतले पाणी लवकर गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि नळ्या फोडते. उलट, पाणी वाहत असेल तर धीर धरावा, कारण एवढ्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला या हीटरला १९-२० मिनिटे लागतात.

हीटर खरोखर गेला तो तीन हिवाळ्यांनंतर, आणि तेव्हाची लक्षणे अगदी निराळी होती. प्रवाह उत्तम होता, सूचना नव्हती, पण हीटर सुरू होताच जीएफसीआय ब्रेकर पडत असे. हा विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आपल्याकडच्या ईएलसीबीचा भाऊबंद, मात्र फार हळवा: घरगुती ईएलसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, तर हा ५ मिलिअँपिअरलाच. इलेक्ट्रिशियनने पुरवठा तोडून हीटरच्या तारा सोडवल्या आणि पुन्हा सुरू केल्यावर ब्रेकर टिकून राहिला, तेव्हा गळती हीटरमध्येच असल्याचे सिद्ध झाले. कॉइलचे आवरण गंजून छिद्र पडले होते. मी तरंगत्या डबीत क्लोरीनच्या गोळ्या टाकत असे, त्यांनी पाणी आम्लधर्मी होत गेले होते आणि पीएच ७.२ च्या खाली गेल्याचे मी तपासलेच नव्हते.

नवा हीटर यायला आठवडा लागणार होता. गॅरेजमधला जुना हीटर आठवला. २४० व्होल्टवर ५.५ किलोवॉट म्हणजे रोध सुमारे १०.५ ओहम यायला हवा, आणि मीटरवर जवळजवळ तेवढाच आला. कॉइल आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये गळतीही नव्हती. इलेक्ट्रिशियनने तोच परत बसवला आणि सध्या आमचे पाणी तोच तापवतो आहे.