लाईट गेली तरी ठाण्याचं घर सापडायला हवं: डीडीएनएस आणि वायरगार्डची प्रगती

आधी आजची स्थिती सांगतो. नेरुळच्या घरात बसून नौपाड्यातल्या आईबाबांच्या घरचा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आता इंटरनेटवरून नावाने सापडतो. मधल्या काळात ठाण्याला दोनदा लाईट गेली. पहिल्या वेळी सगळं बसलं, दुसऱ्या वेळी आपोआप उभं राहिलं. एकूण साडेतीन आठवडे लागले. त्यात डीडीएनएसचं (बदलत्या आयपी पत्त्याला कायमचं नाव जोडणारी सेवा) नाव घेणं हे अर्ध्या तासाचं काम. बाकीचा वेळ दोन गोष्टींनी खाल्ला: घराला बाहेरून पत्ता आहे का ते शोधणं, आणि लाईट परत आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं.

हे कशासाठी चाललंय ते नवीन मंडळींसाठी थोडक्यात. बाबांनी वर्षानुवर्षं रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटी मी डिजिटाइझ करतोय. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बाबा स्वतःच्या आवाजात तारीख आणि वार सांगतात, मग दोन सेकंद खरखर, मग गाणं. तो आवाज मला जपायचाय. डेक ठाण्यालाच आहे, म्हणून फाइलीही तिथल्याच डिस्कवर आहेत आणि नॅव्हिड्रोम हा संगीत-सर्व्हर ४५३३ पोर्टवर त्या वाजवतो. मी नेरुळला, ताई पुण्याला. दुपारी बाबा मराठी ग्रंथ संग्रहालयात असतात आणि घरी आई एकटी असते. म्हणून पहिल्या दिवशीच एक अट घालून घेतली: काहीही झालं तरी आईला इंटरनेटच्या डब्याला हात लावायला लागता कामा नये.

पहिला रविवार चुकीच्या जागी गेला. इंटरनेट कंपनीने दिलेल्या ओएनटीमध्ये (फायबर जिथे येऊन जोडते तो डबा) डीडीएनएसचं पान होतं. नाव नोंदवलं, मोबाइल डेटावरून पिंग केलं (पोचतंय का ते बघणारा छोटा संदेश), उत्तर आलं. मला वाटलं झालं. पण वायरगार्डचा (दोन घरांमध्ये कूटबद्ध टनेल बांधणारं व्हीपीएन) हँडशेक, म्हणजे दोन टोकांची ओळख पटणं, काही होईना. मग ओएनटीच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता नीट वाचला. तो १०० ने सुरू होत होता, आणि 'माझा आयपी काय' विचारल्यावर बाहेरची साइट भलताच पत्ता दाखवत होती. म्हणजे आम्ही सीजीनॅटच्या (कंपनीच्या बाजूला पत्ते बदलणारी यंत्रणा, थोडक्यात नॅट) मागे. पिंगला उत्तर देत होता तो कंपनीचा सामायिक पत्ता, आमचं घर नव्हे.

ज्यांनी अजून तपासलं नसेल त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे बघा. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने नेमका याच कामासाठी राखून ठेवला. जागतिक साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले होते, त्यामुळे आता एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. तुमचा वॅन पत्ता या पट्ट्यात असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवण्याचे) कितीही नियम लिहा, बाहेरून येणारं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. ते कंपनीच्या नॅटवर अडतं, आणि तिथे तुमचा नियम नसतो. डीडीएनएस नावाला पत्ता जोडून देतं. मुळात पत्ताच तुमचा नसेल तर ते तरी काय करणार?

स्थिर आयपीचे वेगळे पैसे पडत होते. ते भरण्याआधी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत) बघितलं आणि तिथे वाट मोकळी मिळाली. २४०१ ने सुरू होणारा पत्ता, शिवाय आतल्या जाळ्यासाठी वेगळा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग). हा पत्ता खराखुरा सार्वजनिक, मध्ये कुठलंही नॅट नाही. फक्त पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून होणारी जोडणी) तुटून पुन्हा जोडलं की दोन्ही बदलतात, म्हणून डीडीएनएसची गरज राहतेच. नेरुळच्या ब्रॉडबँडवर आणि माझ्या मोबाइल डेटावर आयपीव्ही६ आहे. ऑफिसच्या वायफायवर नाही, तिथे मोबाइल डेटा वापरतो. हे पूर्ण उत्तर नाही हे मला मान्य आहे.

फायबरवाल्या दादांना विनंती करून ओएनटी ब्रिज मोडला टाकून घेतला. त्यांनी दोन मिनिटांत केलं, वर पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून दिलं. आता लॉगिन माझा ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवरचा राउटर करतो आणि वायरगार्डही त्याच्यावरच चालतं. त्यामुळे आत काही फॉरवर्ड करावं लागत नाही. वॅनच्या बाजूने यूडीपी ५१८२० एवढं एकच पोर्ट उघडं. राउटरचं लॉगिन पान, एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सोय), नॅव्हिड्रोम, सगळं टनेलच्या आतूनच. यूपीएनपी (आतल्या यंत्रांनी आपणहून पोर्ट उघडायची सोय) बंद. या बाबतीत मी हट्टी आहे. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर पकडले ते फक्त कंपनीने घालून दिलेले पासवर्ड एकामागून एक लावून बघत. वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे याचाही पत्ता लागत नाही.

नाव डकडीएनएस या फुकट डीडीएनएस सेवेवर घेतलं. तिथे आयपीव्ही४ पत्ता तो स्वतः ओळखतो, आयपीव्ही६ मात्र आपणच विनंतीत लिहून पाठवायचा. उत्तर 'ओके' किंवा 'केओ' एवढंच येतं. मला पहिले काही तास 'केओ' येत होतं, कारण टोकन (पासवर्डसारखी अक्षरं) चिकटवताना शेवटचं अक्षर सुटलं होतं.

दोन किरकोळ गोष्टी पटकन. दोन्ही घरी १९२.१६८.१ हेच जाळं होतं, त्यामुळे टनेल जुळूनही नेरुळचा राउटर ठाण्याचा पत्ता स्वतःच्याच घरात शोधायचा. ठाण्याचं जाळं १९२.१६८.४७ केलं. आणि एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. हँडशेक होत होता, छोटी पानं उघडत होती, पण अल्बमची मोठी चित्रं अर्ध्यावर अडकायची. पीपीपीओईवर १४९२ बाइट मिळतात, आयपीव्ही६ वरून वायरगार्डचा खर्च ८०, उरले १४१२. मूळ सेटिंग १४२० होतं. दोन्ही टोकांना १४१२ केलं आणि चित्रं लगेच उघडायला लागली.

इथवर आलो तेव्हा काम झाल्यासारखं वाटत होतं. मग एका शुक्रवारी दुपारी नौपाड्यात लाईट गेली. तासाभराने आली तरी टनेल मेलेला. आईला फोन केला.

'अगं आई, त्या पांढऱ्या डब्यावर कुठले दिवे लागलेत?'

'पहिला हिरवा आहे. दुसरापण हिरवाच. तिसरा लुकलुकतोय. लाल काही नाही रे. बंद करून परत चालू करू का?'

'नको, तसाच असू दे. हात लावू नकोस.'

लाल दिवा नाही म्हणजे फायबर ठीक. रात्री ठाण्याला गेलो आणि लॉग उघडला. राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट आल्यावर तो जुन्या तारखेला जागा झाला, कारण ओपनडब्ल्यूआरटी सुरुवातीला स्वतःकडच्या सर्वांत नव्या फाइलची तारीख धरतो. वॅन वर आल्याआल्या नवा पत्ता कळवणारी माझी स्क्रिप्ट डकडीएनएसकडे धावली, पण राउटरच्या हिशोबाने त्या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच व्हायचं होतं, म्हणून एचटीटीपीएस नाकारलं गेलं. काही सेकंदांनी एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ दुरुस्त केली, तोवर स्क्रिप्टचा एकुलता एक प्रयत्न संपला होता. नाव दिवसभर जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत बसलं.

आता तीच स्क्रिप्ट एनटीपीच्या हॉटप्लगमध्ये ठेवलीय, म्हणजे घड्याळ जुळलं की मगच ती चालते. शिवाय क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी, पण पत्ता बदलला असेल तरच पाठवते. उगाच दर वेळी फुकटच्या सेवेचं दार ठोठावू नये असं मला वाटतं.

तरी नेरुळची बाजू जुळेना, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. वायरगार्ड नावाचा पत्ता फक्त सुरू होताना एकदा विचारतो. नाव नव्या पत्त्यावर गेलं तरी नेरुळचा राउटर जुन्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. फोनवर टनेल बंद-चालू केला की सुटतं, कायम चालू असलेल्या राउटरचं काय? ओपनडब्ल्यूआरटीसोबत वायरगार्ड वॉचडॉग नावाची छोटी स्क्रिप्ट येते. दीडशे सेकंदांत हँडशेक झाला नसेल तर ती नाव पुन्हा विचारते. क्रॉनमध्ये दर मिनिटाला लावली. घड्याळाचा प्रश्न याही टोकाला आहे: हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधी पाहिलेल्यापेक्षा जुना शिक्का समोरचं टोक स्वीकारत नाही. म्हणून नेरुळलाही एनटीपीने वेळ जुळवल्यावरच टनेल सुरू होतो.

गेल्या शुक्रवारी परत लाईट गेली. मी लवकर निघून ऐरोलीहून नेरुळच्या गाडीत होतो. फोनवर नेरुळच्या राउटरचा लॉग उघडा ठेवला आणि ठाण्याला काहीच केलं नाही. घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं. तुर्भ्याच्या पुढे लॉगमध्ये हँडशेकची ओळ उमटली. ठाण्याच्या राउटरचा लॉग घरी येऊन बघितला: ३:५१ ला 'ओके', ३:५३ ला हँडशेक. संध्याकाळी आईला विचारलं तर म्हणाली, 'लाईट गेली होती खरी. मी झोपले होते.'

पुढच्या आठवड्यात ताईसाठी वेगळी किल्ली बनवायची आहे, तिला फक्त ४५३३ दिसेल अशी. ओएनटी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बघतोय. कोणाकडे तो पावसाळाभर चालला असेल तर सांगा. आणि कॅसेटी अजून एकतीस राहिल्यात.